आहुप्याचं उदाहरण देऊ नका

पावसाळा सुरू झाला की आहुप्याच्या कड्याशी गाड्या लागतात. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, पायाशी खोपिवलीकडे उतरणारी घाटवाट, मागे देवराई. दोन तास भिजून, कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी खाऊन लोक पुण्या-मुंबईला परततात आणि जाताना एक निष्कर्ष सोबत नेतात. ही माणसं बघा, म्हणतात. जवळ काही नाही, दवाखाना लांब, तरी चेहऱ्यावर तक्रार नाही. आजारपण असो, मरण असो, किती सहज घेतात. आपणच फार कुरकुरतो.

निष्कर्ष तिथेच राहिला असता तर सहलीतला भाबडेपणा म्हणून सोडून देता आला असता. पण तो पुढे वापरला जातो. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसणाऱ्याला, पस्तिशीत संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या बाईला, कंपवातामुळे स्वतःची सही जमेनाशी झालेल्या निवृत्त शिक्षकाला तो ऐकवला जातो. व्याख्यानांतून, मासिकांतल्या लेखांतून, आणि सर्वात जास्त म्हणजे समाचाराला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून. डोंगरातली माणसं बघा कशी खंबीर असतात. आजार स्वीकारा. सकारात्मक राहा. दुःख कुरवाळत बसू नका.

हा उपदेश आहुप्याबद्दल खोटं सांगतो आणि आजारी माणसाला दुखावतो. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून दोन्हींचा समाचार एकत्र घ्यावा लागतो.

आधी आहुपे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचं, महादेव कोळी समाजाचं हे गाव. घोड नदी याच परिसरात उगम पावते आणि खाली डिंभ्याच्या धरणात अडते. वर्ष भाताभोवती फिरतं. राब भाजायचा, रोप टाकायचं, जुलैत गुडघाभर चिखलात वाकून आवणी करायची. हातात येणारा रोख पैसा बराचसा हिरड्याचा. उन्हाळ्यात झाडावर चढायचं, बाळहिरडा पाडायचा, वेचायचा, वाळवायचा, विकायचा. (हिरडा त्रिफळा चूर्णात मिसळून शहरातल्या जुनाट दुखणेकऱ्यांच्या कपाटात जातो. पाडणाऱ्याचा गुडघा धरला तर त्याच्या वाट्याला काय येतं, हे त्या डबीवर छापलेलं नसतं.) ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातल्या हिरड्याच्या झाडांचं मोठं नुकसान झालं, तेव्हा इथल्या माणसांनी ते मुळीच सहज घेतलं नाही. त्यांनी मोर्चे काढले, भरपाई मागितली. तक्रार करता येत नाही अशी ही माणसं नव्हेत. ती पाहुण्याजवळ तक्रार करत नाहीत, एवढंच. ओसरीवर आलेल्याने ‘काय, कसं काय?’ विचारलं की ‘बरं हाय’ म्हणायचं, ही रीत आहे. तिला रक्ततपासणीच्या अहवालाचा दर्जा देणारा पाहुणा भाबडा तरी असतो किंवा त्याला दुसरं काही ऐकायचंच नसतं.

आता समजा, अशाच एका घरातल्या पन्नाशीच्या बाईला मधुमेह निघाला. न निघण्याचं कारण नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर नेऊन ठेवला आहे, आणि हा आजार शहराची वेस ओलांडून गेल्याला बरीच वर्षं झाली. काही वर्षांत तिच्या पायांची संवेदना कमी होते. खाचरात अनवाणी उभं राहिल्यावर दगड लागला, काटा रुतला, तरी कळत नाही. जखम चिघळते, महिनोन्‌महिने भरत नाही. डॉक्टर सांगतात, चिखलात उतरू नका. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला शंभर टक्के बरोबर. पण जुलैत चिखलात उतरायचं नाही म्हणजे तिने करायचं काय? डॉक्टर आणखी सांगतात, भात कमी करा. हेही बरोबर. शहरातल्या माणसाला भात सोडताना एक चव सोडावी लागते. या बाईने भात रुजवलाय, लावलाय, झोडपलाय, कांडलाय. घरात आलेल्या लेकीला, जावयाला, पाव्हण्याला तिने तोच वाढलाय. ताटातला भात गेला की सणाच्या पंगतीतली तिची बसायची जागाही थोडी सरकते. वेगळी भाकरी, वेगळं ताट, आणि ‘तुला चालत नाही ना’ हे वाक्य.

आणि मग पडकई. आंबेगाव-जुन्नरच्या या पट्ट्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: डोंगरउतारावर बांध घालून भाताची खाचरं तयार करायचं काम एका घराला पेलत नाही, म्हणून दहा-पंधरा घरं एकत्र येतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पुढे सरकारनेही हे नाव उचलून खाचरं दुरुस्तीची योजना चालवली आणि यंत्रं आली, तो वेगळा विषय. मुद्दा असा, की या व्यवहारात पैसा लागत नाही, अंग लागतं. ज्याने तुमच्याकडे अंग मोडून काम केलं, त्याच्याकडे जाऊन तुम्ही ते फेडायचं. ज्या दिवशी बाईला फेडता येईनासं होतं, त्या दिवशी तिचं नाव कुणी खोडत नाही. लोक भले आहेत, ते तिच्या रानात येतातही. पण ती आता घेणारी झाली, देणारी राहिली नाही. हे तिला कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

हे सगळं शोकाचं आहे. कुणी मेलेलं नाही म्हणून त्याला शोक म्हणायचं नाही, हा आपला हट्ट. माणूस गेला तर गाव जमतं. चूल पेटत नाही तर शेजारची भाकरी येते. दहावं होतं, तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं. रडायला दिवस नेमून दिलेले असतात, आणि त्या दिवसांत रडणाऱ्याला कुणी सकारात्मक राहा म्हणत नाही. जिचे पाय गेले, जिची पडकई गेली, जिच्या ताटातला भात गेला, तिच्यासाठी कुठलाच दिवस नेमलेला नाही. उलट तिने तो शोक लपवावा अशी अपेक्षा, कारण ती ‘तशी बरी’ आहे. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकावर, म्हणजे ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही अशा शोकावर, लिहिलं. आपल्याकडे त्यासाठी तिकडे जायची गरज नव्हती. माळीण आहुप्याच्या वाटेवरच आहे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. गाव नाहीसं झाल्याचं एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं, मग प्रशासन आलं, एनडीआरएफ आलं, कॅमेरे आले, मंत्री आले. २०१७ च्या एप्रिलमध्ये आमडे इथे वसवलेल्या नव्या गावात उरलेली माणसं राहायला गेली. त्या दुःखाला सगळ्या महाराष्ट्राने दुःख म्हटलं, आणि ते योग्यच होतं. त्याच खोऱ्यात, त्याच वर्षी, कुणाच्या तरी किडन्या निकामी होत होत्या, कुणाची दृष्टी जात होती, कुणी दम्याने रात्री बसून काढत होतं. त्यांच्या दाराशी कुणी आलं नाही. कोणी यावं असा नियमही नाही. पण निसर्गाच्या कुशीत राहणाऱ्यांना निसर्गच सावरतो, हे वाक्य माळीणच्या खोऱ्यात उभं राहून उच्चारायचा धीर ज्याला होईल, त्याच्याशी पुढे वाद घालण्यात अर्थ नाही.

आता शहरातल्या उपदेशाकडे वळू. त्याला हल्ली शास्त्राचा आधार दिला जातो: दुःखाचे पाच टप्पे. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. समुपदेशनाच्या कार्यशाळांतून हे इतकं फिरलंय की ‘तुम्ही अजून रागाच्या टप्प्यात आहात’ असं रुग्णालाच सुनावणारे भेटतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी हे टप्पे १९६९ मध्ये मांडले ते शिकागोतल्या रुग्णालयात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. त्या रुग्णांपुढे शेवट होता. दीर्घ आजाऱ्यापुढे तो नसतो. त्याला उद्या उठायचं असतं, परवा उठायचं असतं, आणि दर वेळी थोडं आणखी गमावून उठायचं असतं. या वर्षी आवणी सुटली. दोन वर्षांनी डोक्यावरचा हंडा सुटेल. मग विहिरीची वाट. मग चुलीपुढे उकिडवं बसणं. प्रत्येक गोष्टीचा स्वीकार करेपर्यंत पुढची जाते. टप्पे क्रमाने आणि सगळ्यांना सारखेच येतात असं आपल्याला म्हणायचं नव्हतं, हे कुब्लर-रॉस यांनीही नंतर स्पष्ट केलं. पण कार्यशाळांना पाच पायऱ्यांची तक्ता-मांडणी सोयीची, ती राहिली.

त्यापेक्षा सात वर्षं जुनी मांडणी मला जास्त प्रामाणिक वाटते. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांबद्दल लिहिताना म्हटलं की त्यांचं दुःख संपत नाही. ते कमी-जास्त होतं, मुलाच्या प्रत्येक नव्या वयाबरोबर परत येतं, आणि यात विकृती काही नाही. आईबापांनी स्वीकार करावा म्हणून मागे लागणाऱ्या व्यावसायिकांनाच त्यांनी बोल लावला. नंतरच्या परिचारिका-संशोधकांनी हीच कल्पना दीर्घ आजारी माणसांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लावून पाहिली. आवणीचे दिवस आले की त्या बाईला दर वर्षी वाईट वाटणार. वाटू द्यावं. ते ‘पुढच्या टप्प्यावर’ जाण्यातलं अपयश नव्हे.

शास्त्र चालेनासं झालं की थोर माणसं आणली जातात. बाबा आमटे पाठीच्या मणक्याच्या दुखण्यामुळे बसू शकत नव्हते, तरी १९८५ मध्ये भारत जोडो यात्रेला निघाले. खरं आहे, बसमध्ये आडवं पडून त्यांनी तो प्रवास केला. पण त्यांचं एकट्याचं मनोधैर्य तेवढं सांगायचं आणि पत्नी साधनाताई गाळायच्या, हे कसं चालेल? त्यांचं ‘समिधा’ वाचलेल्या कुणालाही कळतं की एका माणसाच्या धैर्याला दुसऱ्या माणसाचे किती तास लागतात. डॉ. आंबेडकरांना मधुमेह होता, त्याने पायांच्या वेदना होत्या. त्याआधी १९२६ मध्ये राजरत्न गेला होता, १९३५ मध्ये दीर्घ आजारानंतर रमाबाई गेल्या होत्या. बाबासाहेबांनी शोक गिळून काम केलं असं सांगणाऱ्यांनी मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी स्नेह्याला लिहिलेलं पत्र एकदा पाहावं. त्यात खंबीरपणाचा आव नाही, बापाचा आकांत आहे. आणि १९४८ नंतर त्यांच्या घरात त्यांची प्रकृती सांभाळायला स्वतः डॉक्टर असलेल्या सविताबाई होत्या. ज्यांच्या नावाने आजाऱ्याला लाजवलं जातं, त्यांच्यापैकी एकटं कुणीच नव्हतं.

उरले तुकोबा. देहू याच जिल्ह्यातलं, त्यामुळे ते ठरलेले. त्यांच्या पहिल्या पत्नीला दमा होता असं परंपरा सांगते. दुष्काळात ती गेली, मुलगा गेला. मग कीर्तनात सांगतात: पाहा, सगळं प्रारब्ध म्हणून स्वीकारलं आणि विठ्ठलाकडे वळले. विठ्ठलाकडे वळले हे खरं, पण गप्प बसून नव्हे. वारकरी संतांइतकं देवाशी भांडणारं, त्याला जाब विचारणारं, त्याला नावं ठेवणारं वाङ्‌मय फार थोड्या भाषांत असेल. नामदेव भांडतात, जनाबाई भांडते, तुकोबा तर पुरता हिशेब मागतात. आहुप्याच्या देवळात रात्री भजनाला बसलेला दमेकरी काही आधार मिळवत असेल, तर तो या भांडायच्या परवानगीचाही असेल. भोग समजून गप्प राहा, ही शिकवण त्या परंपरेच्या तोंडी घालणं हा तिचा अपमान आहे.

इथवर माझं काम सोपं होतं. खरा आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो आणि तो भावुक नाही, व्यवहारी आहे. डोंगरपट्ट्यात काम केलेला डॉक्टर किंवा आरोग्यसेविका म्हणेल: अहो, शोकाचं काय घेऊन बसलात? इथे पावसात वीज चार-चार दिवस नसते, इन्सुलिन माठात ठेवावं लागतं. डायलिसिससाठी डोंगर उतरून जायचं, येताना एसटी चुकली तर मुक्काम. आधी गोळी पोचू दे, मग मनाचं बघू. रिकाम्या ताटापुढे मानसशास्त्र हा श्रीमंतांचा चोचला आहे.

या आक्षेपाचा मला आदर आहे, पण तो चुकीचा आहे, आणि चुकीचा असल्याचा पुरावा गोळीच्या बाजूनेच मिळतो. मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि नैराश्य असलेला मधुमेही गोळ्या चुकवतो, तपासणी टाळतो, पायाची जखम दाखवायला उशीर करतो, हेही. गोळी घरात पोचते, पोटात पोचत नाही. बाई म्हणते, काय करायचंय खाऊन, कामाची तर राहिले नाही. नोंदवहीत हिला ‘उपचार सोडलेली’ म्हणतात. का सोडले, या रकान्यात बहुधा अज्ञान किंवा अंधश्रद्धा येतं. भगताकडे गेली म्हणून डॉक्टर चिडतो. भगताने तिचं नुकसान केलं असेलही, पाला बांधून जखम आणखी चिघळवली असेल. पण त्याने तिला समोर बसवून विचारलं असतं: घरात काय चाललंय, कधीपासून मन लागत नाही, कोण बोललं? सरकारी दवाखान्यात रांग असते, एवढा वेळ कुणाला नसतो. म्हणून वेळ देणारा चुकीचा माणूस जिंकतो.

बरं, मग करायचं काय? प्रत्येक पाड्यावर मानसोपचारतज्ज्ञ नेमा, असली मागणी मी करणार नाही. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, रेंज असेल तर तो उपयोगाचा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, पण आहुप्याच्या आजीने त्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात जावं हे कागदावरच शोभतं. जवळची गोष्ट आशाताईंच्या पिशवीत आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तपासणीसाठी त्या जो फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि मन खिन्न, निराश किती वेळा वाटलं. शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं.

प्रश्न असणं ही चांगली गोष्ट आहे. पण जिला चिखलात उतरायची मनाई आहे तिला ‘कामात रस वाटतो का’ विचारून काय कळणार? कुठल्या कामात? तिथे तिसरा प्रश्न हवा: आजारामुळे तुमचं कोणतं काम सुटलं, आणि ते आता कोण करतं? याचं उत्तर गुणांत मावणार नाही. पण ते घेऊन ग्रामसभेत जाता येईल. आंबेगावचा हा पट्टा आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली येतो. या ग्रामपंचायतींना थेट येणाऱ्या अबंध निधीतून काय करायचं हे ग्रामसभा ठरवते, आणि त्यातून डायलिसिसच्या दिवशी खाली नेणारी जीप ठरवता येते. ती ठरली तर रुग्णाबरोबर जाणाऱ्या मुलाचीही रोजी काही दिवस वाचेल. घरच्यांच्या डोळ्यांत आपण ओझं झालो, ही भावना औषधाने जात नाही. खर्चाचा आणि वेळेचा भार खरोखर हलका झाला तर थोडी जाते.

आणि पडकईबद्दल. रोजगार हमीच्या कामावर पाणी वाटणारी म्हातारी किंवा झाडाखाली मजुरांची पोरं सांभाळणारी अपंग बाई हजेरीपटावर असते आणि तिलाही मजुरी मिळते. कायद्याने ते काम मानलं आहे. मग पडकईत का नाही? दहा घरांची माणसं रानात असताना त्यांची पोरं बघणं, न्याहारी रांधणं, बी निवडणं, हिरडा वाळत घातला असेल तर त्यावर लक्ष ठेवणं, ही कामं पायाची जखम सांभाळून बसल्या जागी होतात. आजही बायका ती करतात, पण फुकटात, पाळीच्या हिशेबाबाहेर. ती हिशेबात धरायची की नाही, आणि धरली तर आवणीच्या एका दिवसाला बसल्या कामाचा एक दिवस धरायचा की दोन, हे त्या दहा घरांनी ठरवावं. घासाघीस होईल, कुणी कुरकुरेल, कुणी म्हणेल आमच्या आजीने कधी असं मागितलं नाही. मागितलं नसेल. येत्या मे महिन्यात, रोप टाकायच्या आधी, तिला विचारून बघा.